चेंडू मागे जाऊ द्या: बॅडमिंटन खेळलेल्या माणसासाठी पॅडेलची सुरुवात

नमस्कार. तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून वाचणाऱ्या इतरांसाठी आधी त्याचा गोषवारा देते. तुम्ही सांगलीतल्या विश्रामबागचे, वय एक्केचाळीस, कॉलेजात बॅडमिंटन चांगलं खेळलेले. मेहुण्याच्या आग्रहावरून पुण्यात दोन रविवार पॅडेल, म्हणजे काचेच्या भिंतींच्या कोर्टात रॅकेटनं खेळायचा खेळ, खेळलात आणि दोन्ही वेळा तुमच्यापेक्षा वयानं मोठ्या, पोट सुटलेल्या जोडीकडून सपाटून मार खाल्लात. आता चौघं मित्र महिन्यातून दोनदा गाडी करून पुण्याला जायचं म्हणताय. कोणती रॅकेट घ्यावी, स्मॅश आणखी जोरात कसा मारावा, पॅडेल आणि पिकलबॉल एकच का, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता, मित्राच्या प्लॉटवर कोर्ट होईल का, हेही.

मी मूळची मिरजेची. अठरा वर्षं टेनिस शिकवते आहे आणि गेली चार वर्षं पुण्यात पॅडेलच्या नवशिक्यांचे वर्ग घेते. तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: 'चेंडू माझ्या मागे गेला की पॉइंट संपलाच असं वाटतं, आणि तो काचेवरून परत येतो तेव्हा मी भलतीकडेच बघत असतो.' तुमची खरी अडचण या वाक्यात आहे. रॅकेट बदलून ती जाणार नाही, आणि स्मॅश जोरात केलात तर वाढेल. का, ते सांगते.

बॅडमिंटनमध्ये शटल खांद्यामागे गेलं की गेलंच. जमिनीला टेकलं की पॉइंट संपला. त्यामुळे चार-पाच वर्षं मनापासून खेळलेल्या माणसाच्या अंगात एक गोष्ट मुरलेली असते: लवकर गाठायचं, उंचावर गाठायचं, मागे जाऊ द्यायचं नाही. त्या खेळासाठी ते अगदी बरोबर आहे. पॅडेलमध्ये खोल आलेला चेंडू असा घाईनं, अंगाला चिकटलेला असताना मारला, की तो नेटमध्ये जातो किंवा समोरच्याच्या हातात आयता पडतो. तोच चेंडू तुम्ही सोडून दिलात तर तो जमिनीवर एक टप्पा घेतो, मागच्या काचेवर आपटतो आणि वेग हरवून तुमच्याकडे परत येतो. दुसरा टप्पा पडेपर्यंत तो तुमचाच. तुम्हाला वेळ मिळालेला असतो, चेंडू मंद झालेला असतो, आणि तुम्हाला जिकडे मारायचाय त्याच दिशेनं तो निघालेला असतो. पहिले दोन-तीन महिने पॅडेल शिकणं म्हणजे मुख्यतः चेंडू सोडायला शिकणं. तुम्हाला हरवणाऱ्या त्या जोडीला बहुधा एवढं एकच नीट येत होतं.

हा खेळ असा का घडला, ते त्याच्या जन्मातच आहे. १९६९ साली मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घराच्या आवारात कोर्ट बांधलं. टेनिसच्या पूर्ण कोर्टाएवढी जागा नव्हती, म्हणून कोर्ट लहान केलं, कडेनं भिंती घातल्या आणि त्या भिंती खेळातच घेतल्या. त्यांचे मित्र आल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी १९७४ मध्ये स्पेनमधल्या मार्बेया इथे कोर्टं बांधली. स्पेन आणि अर्जेंटिना या दोन देशांत खेळ रुजला, म्हणून त्यातल्या फटक्यांची नावं आजही स्पॅनिश आहेत. म्हणजे भिंत ही टेनिसला मागाहून जोडलेली गंमत नव्हे. भिंतीमुळेच हा वेगळा खेळ झाला, आणि जो भिंतीशी दोस्ती करत नाही तो लहान कोर्टावर टेनिस किंवा बॅडमिंटन खेळत राहतो.

आता कोर्ट आणि नियम, पण तुम्हाला लागतील तेवढेच. कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद. नेट मधोमध ८८ सेंटिमीटर, टोकांना ९२. तुमच्या बॅडमिंटनचं नेट दीड मीटरच्या वर असतं, हे कंबरेच्या आसपास. हा फरक लहान वाटतो, पण त्यामुळे फटक्याचा सगळा कोन बदलतो. मागची भिंत ३ मीटर काचेची आणि वर १ मीटर तारेची जाळी. बाजूला कोपऱ्यापासून ४ मीटरपर्यंत काच, तीही पुढे उंचीला कमी होत जाणारी, आणि उरलेल्या भागात तारेची जाळी. नेटपासून ६.९५ मीटरवर सर्व्हिस लाइन. खेळ बहुतेक वेळा चौघांचाच. गुण टेनिससारखे: १५, ३०, ४०, गेम. सहा गेमचा सेट, तीनांत दोन सेट जिंकायचे. ४०-४० झाल्यावर काही ठिकाणी दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते, काही ठिकाणी एकाच पॉइंटवर गेम संपतो. त्याला गोल्डन पॉइंट म्हणतात. वाद नको असेल तर खेळायला उतरण्याआधी ठरवून घ्या.

सगळ्यांत महत्त्वाचा नियम क्रमाचा: आधी जमीन, मग भिंत. तुम्ही मारलेला चेंडू पलीकडे आधी जमिनीवर पडलाच पाहिजे. तो थेट त्यांच्या काचेवर किंवा जाळीवर गेला तर पॉइंट त्यांचा. जमिनीवर पडून मग कुठेही आपटो, दुसरा टप्पा पडण्याआधी त्यांनी तो परत करायचा. तुमच्या बाजूलाही तेच. एक सवलत अनेकांना माहीत नसते: स्वतःच्या बाजूच्या काचेवर चेंडू मारून तो नेटपलीकडे पाठवता येतो. चेंडू मागे निसटला आणि तुमचं तोंड काचेकडे असलं, की हाच एक उपाय उरतो. तारेच्या जाळीवर मारून मात्र चालत नाही.

सर्व्हिस खालून असते. सर्व्हिस लाइनच्या मागे उभं राहून चेंडूचा एक टप्पा घ्यायचा आणि कंबरेच्या उंचीला किंवा त्याखाली तो मारायचा, तिरक्या चौकोनात. दोन संधी मिळतात. पडल्यावर चेंडू काचेला लागला तर सर्व्हिस ठीक, दुसऱ्या टप्प्याआधी तारेच्या जाळीला लागला तर फॉल्ट. सर्व्हिस घेणाऱ्यानं टप्पा पडू द्यायलाच हवा, तिथे हवेतला फटका नाही. तुमच्यासारख्यांना इथे मी एवढंच सांगते की सर्व्हिसवर पॉइंट जिंकायला जाऊ नका. हळू, खोल, बाजूच्या काचेकडे जाणारी सर्व्हिस करा आणि नेटकडे चालू लागा. सर्व्हिस ही नेटपर्यंत पोचायची वाट आहे.

आता मूळ मुद्दा, काचेचा. महिन्यातले दोनच रविवार कोर्ट मिळणार असेल, तर तेवढा वेळ पुरणार नाही. पण निम्मं काम सांगलीतच होतं, आणि त्याला कोर्ट लागत नाही. एक उंच, सपाट, प्लास्टर केलेली भिंत आणि तिच्यासमोर सात-आठ मीटर काँक्रीट हवं. सोसायटीचं पार्किंग रिकामं असेल तेव्हा चालेल, किंवा परवानगी घेऊन शाळेच्या आवारातली एखादी भिंत. वापरून जुने झालेले चार टेनिस बॉल घ्या. जुनेच घ्या, कारण पॅडेलचा चेंडू दिसायला टेनिससारखा असला तरी त्यातला हवेचा दाब थोडा कमी असतो. दमलेला टेनिस बॉल त्याच्या जवळपास उसळतो.

पहिले दोन आठवडे रॅकेट नको. भिंतीपासून तीनेक मीटर पुढे, भिंतीकडे पाठ करून उभे राहा. मित्राला समोर आठ-नऊ पावलांवर उभं करा. त्यानं चेंडू तुमच्या बाजूनं असा टाकायचा, की तो तुमच्या मागे जमिनीवर पडेल, भिंतीवर आपटेल आणि परत येईल. तुम्ही तो एका हातानं, शरीराच्या पुढे, गुडघ्याच्या उंचीला झेलायचा. मोठ्यानं म्हणायचं: टप्पा, भिंत, हात. हे बोलणं बालिश वाटेल. पण माझ्या वर्गात ज्यांनी बोलायची लाज धरली त्यांना हा ताल सापडायला जास्त वेळ लागला, कारण घाई मनातली असते आणि मोजल्यानं तीच थांबते. दिवसाला पन्नास झेल पुरे.

झेलताना दोन चुका दिसतील. एक, तुम्ही जागेवर उभे राहून फक्त मान वळवाल. तसं नको. चेंडू मागे निघाला की अंग आडवं करून छोट्या पावलांनी त्याच्याबरोबर मागे जायचं, आणि तो भिंतीवरून निघाला की त्याच्याबरोबर पुढे यायचं. पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जावं आणि त्याच्याबरोबरच परत यावं, तसं. दुसरी चूक, तुम्ही भिंतीला जाऊन चिकटाल. मग चेंडू भिंतीवरून थेट पोटात येतो आणि हात हलवायला जागा राहत नाही. भिंत आणि तुम्ही यांच्यात नेहमी एक माणूस उभा राहू शकेल एवढं अंतर ठेवा. हाताला हे अंतर एकदा कळलं की रॅकेट हातात घेतल्यावर फार शिकावं लागत नाही. रॅकेट आधीच खाली आणि मागे ठेवायची, चेंडू परतून उतरू लागला की त्याच्याखालून हळूच पुढे ढकलायची. झोका लहान ठेवायचा, जोर काचेनं दिलेलाच असतो.

कोपरा वेगळा विषय आहे. चेंडू एका काचेवरून दुसऱ्या काचेवर जातो तेव्हा नवखा माणूस त्याच्यामागे कोपऱ्यात शिरतो आणि अडकतो. कोपऱ्यात जाऊ नका. कोर्टाच्या मध्याकडे एक-दोन पावलं सरका, जागा द्या. दोन्ही काचांना लागून चेंडू बहुतेक वेळा फिरून तुमच्याकडे येतो. सुरुवातीला निम्मे चुकतील. तारेच्या जाळीवरून आलेल्या चेंडूचा मात्र भरवसा कुणालाच नसतो, वीस वर्षं खेळलेल्यालाही नाही, त्यामुळे तो चुकला तर मनाला लावून घेऊ नका.

स्मॅशबद्दल. तुम्ही लिहिलंय की तुमचा स्मॅश जोरात बसतो, तरी पॉइंट मिळत नाही. बरोबर आहे, कारण जोरातच बसतो. सपाट, ताकदीचा स्मॅश जमिनीवर पडतो, मागच्या काचेवर उंच आपटतो आणि तिथून उसळून थेट कोर्टाच्या मध्यावर येतो. समोरचा माणूस दोन पावलं पुढे येऊन त्याला आरामात मारतो, आणि स्मॅशनंतर तुमचा तोल सावरलेला नसतो. तुम्ही घाम गाळून त्याला सोपा चेंडू आणून दिलात. स्मॅशनं पॉइंट संपवायचा तर चेंडू ३ किंवा ४ मीटरच्या भिंतीवरून बाहेर घालवावा लागतो, किंवा काचेवरून उसळून पुन्हा तुमच्या बाजूला यावा लागतो. दोन्हीला उंच, आखूड पडणारा चेंडू आणि नेटची जवळीक लागते. ही संधी एका सेटमध्ये मोजकी येते.

बाकी सगळ्या वेळी डोक्यावरून येणाऱ्या चेंडूला काय करायचं? इथे पॅडेलचा खास फटका येतो, बांदेहा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ तबक. हातात तबक धरल्यासारखी रॅकेट वर, तिचं तोंड थोडं आभाळाकडे, आणि चेंडूला कापत, निम्म्या जोरानं, खोल कोपऱ्याकडे पाठवायचं. कापलेला चेंडू काचेवरून कमी उसळतो, खालीच राहतो, त्यामुळे समोरच्याला तो उचलावा लागतो आणि तुम्ही नेटजवळची जागा राखता. त्याचा तिखट भाऊ म्हणजे व्हीबोरा, आपल्याकडच्या घोणस-फुरशाच्या जातीच्या सापाचं नाव. त्यात बाजूची फिरकी जास्त असते. तो वर्षभरानं शिका. बांदेहा मात्र तिसऱ्या-चौथ्या रविवारपासून सुरू करा. बॅडमिंटनमुळे उंच चेंडूखाली जाऊन उभं राहणं तुम्हाला आधीच येतं, टेनिसवाल्यांना मला ते वेगळं शिकवावं लागतं. फक्त मनगटाचा तो शेवटचा झटका काढून टाकायचा.

जोरापेक्षा जागा आणि हाताची हुशारी हे आपल्या मातीला परकं नाही. नंदू नाटेकर यांचा जन्म सांगलीचा, १९३३ चा. १९५६ मध्ये परदेशात बॅडमिंटनचं आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि १९६१ चे अर्जुन पुरस्कारविजेते. तेही आधी टेनिस खेळत होते आणि ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धेत रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर बॅडमिंटनकडे वळले. एका रॅकेटवरून दुसऱ्या रॅकेटवर जाताना काय सोबत न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हा तुमचाच प्रश्न त्यांच्याही समोर आला असेल.

मग पॉइंट मिळतो कसा? पॅडेलमध्ये नेटजवळची जोडी हल्ला करते आणि मागची जोडी बचाव करते. बहुतेक पॉइंट नेटजवळच्या जोडीला मिळतात. म्हणून मागे असताना तुमचं काम एकच: समोरच्यांना नेटवरून हलवणं. त्याचं हत्यार म्हणजे लॉब, उंच, शांत, त्यांच्या डोक्यावरून मागच्या काचेजवळ पडणारा. ते मागे पळतात, तेव्हा तुम्ही दोघं पुढे जाता. बॅडमिंटनच्या उंच क्लिअरची सवय इथे कामाला येते. छताखालच्या कोर्टात छताचा अंदाज घ्या, उघड्यावर वाऱ्याचा. मे महिन्यातल्या संध्याकाळी वळिवाआधीचा वारा सुटला की लॉब एक-दीड मीटर सहज सरकतो.

माझ्या वर्गातला एक प्रसंग सांगते. दोन इंजिनिअर मुलं, दोघंही आंतरमहाविद्यालयीन बॅडमिंटन खेळलेली, एका साठीच्या नवरा-बायकोसमोर उतरली. काकू प्रत्येक अवघड चेंडूवर लॉब करत होत्या. दुसरं काहीच नाही. मुलं स्मॅशवर स्मॅश मारत होती, काका काचेवरून येणारा चेंडू परत ढकलत होते. पहिला सेट ६-१. दुसऱ्या सेटआधी मी मुलांना फक्त एवढं म्हटलं की आता पाच गेम एकही स्मॅश नको, जो मागे जातो तो सोडा. ६-४ नं हरली, पण खेळ समजला. त्यातला एक जण आज माझ्याबरोबर लहान मुलांना शिकवतो.

जोडीदाराबरोबर हालचाल एकत्र हवी. एका जुवाला जोडलेले बैल जसे, एक पुढे तर दुसराही पुढे, एक बाजूला सरकला तर दुसराही त्याच बाजूला. बॅडमिंटनच्या डबल्समध्ये हल्ला करताना तुम्ही एकामागे एक उभे राहता. इथे तसं केलं की कोर्टाची अर्धी बाजू उघडी पडते. दोघंही नेटपासून दोन-तीन मीटरवर, किंवा दोघंही सर्व्हिस लाइनच्या मागे. मधल्या पट्ट्यात थांबणं धोक्याचं, चेंडू पायात येतो. मधून जाणारा चेंडू कुणाचा, हे आवाज देऊन ठरवा. नवख्या जोड्या सर्वाधिक पॉइंट इथेच गमावतात, गप्प राहून. चौघं मित्र कायमचे असाल तर चारसहा वेळा जोड्या बदलत खेळा आणि मग ठरवा कोण उजवीकडे, कोण डावीकडे. सहसा ज्याचा डोक्यावरचा फटका चांगला तो डावीकडे. चौघांत कुणी डावखुरा असेल तर त्याला उजवी बाजू द्या.

आता रॅकेट. पहिले पाच-सहा वेळा भाड्यानं घ्या. मग घ्याल तेव्हा गोल तोंडाची, आत मऊ फोम आणि वर फायबरग्लास असलेली, ३५० ते ३६५ ग्रॅमची घ्या. गोल रॅकेटचा चांगला बसणारा भाग मोठा आणि मध्यावर असतो, वजन हाताच्या जवळ राहतं. हिऱ्याच्या आकाराची, कडक कार्बनची रॅकेट दुकानदार आधी दाखवेल, कारण ती महाग असते आणि नामवंत खेळाडूंच्या हातात दिसते. तिचं वजन टोकाकडे असतं, थोडं चुकीचं लागलं की धक्का सरळ कोपरात जातो. एवढं ठासून सांगण्याचं कारण आहे: बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची असते, ही तिच्या चौपट. मनगटाचा तोच झटका चौपट वजनावर दिलात तर टेनिस एल्बो ठरलेला. मला स्वतःला पहिल्या वर्षी झाला होता आणि अडीच महिने चहाचा कप उचलताना कळ येत होती. पकड हातोडी धरल्यासारखी ठेवा आणि फटका खांद्यातून, अंग वळवून मारा. रॅकेटची दोरी मनगटात अडकवणं नियमानं सक्तीचं आहे आणि समोरच्याच्या डोक्यासाठी गरजेचंही.

बूट मात्र भाड्याच्या रॅकेटसोबत मिळत नाहीत, आणि त्यात काटकसर करू नका. कोर्टावर कृत्रिम गवत असतं आणि त्यात बारीक वाळू. बॅडमिंटनचे गुळगुळीत गम सोलचे बूट त्यावर सरकतात, धावण्याच्या उंच टाचेच्या बुटांत घोटा मुरगळतो. नागमोडी खाचांचा, टेनिसच्या मातीच्या कोर्टासाठीचा सोल सगळ्यांत बरा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्यातल्या माणसाला सांगावी लागत नाही. सांगलीहून चार-साडेचार तास गाडीत बसून तुम्ही थेट कोर्टावर उतरणार. पोटऱ्या आखडलेल्या असतात. चाळिशीनंतर अशा पायांनी एकदम पुढे झेप घेतली की पोटरीचा स्नायू फाटतो; माझ्या डोळ्यांसमोर दोनदा झालंय. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर शिरवळच्या आसपास उतरा, दहा मिनिटं चाला. कोर्टावर पोचल्यावर आणखी दहा मिनिटं हलकं धावणं, बाजूला सरकणं, टाचा वर-खाली करणं. जेवण खेळ संपल्यावर. ज्यांना गुडघ्याचा, पाठीचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, यात मी मध्ये पडत नाही. चष्मा असेल तर न फुटणाऱ्या भिंगांचा खेळाचा चष्मा घ्या. नेटजवळ चेंडू फार जवळून येतो.

हवेनुसार खेळ बदलतो. उन्हात चेंडू जास्त उसळतो, काचेवरूनही जोरात येतो, तेव्हा आणखी मागे सरा. थंडीत पहाटे तो मेल्यासारखा येतो, तेव्हा गुडघे जास्त वाकवा. काच दवानं किंवा पावसानं ओली असेल तर चेंडू तिच्यावरून घसरून खाली पडतो, उसळत नाही. अशा वेळी शिकलेलं सगळं उलटं वाटेल. त्यात तुमची चूक नाही.

पिकलबॉलचं एका परिच्छेदात. तो पूर्ण वेगळा खेळ आहे, १९६५ मध्ये अमेरिकेत जन्मलेला. भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू, भिंत नाही, कोर्ट बॅडमिंटनच्या डबल्सएवढं. तुमच्या जवळपास ते मिळत असेल तर जरूर खेळा, नेटजवळचा हात सुधारेल. पण काचेचा अभ्यास त्यानं होणार नाही.

आणि मित्राचा प्लॉट. नुसतं कोर्ट २०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दोन गुंठे. भोवती दारं, चालायला जागा, बसायची सोय धरली तर तीन गुंठे धरून चाला. एका कोर्टावर गर्दी आणि धंदा दोन्ही नीट जमत नाही, दोन तरी लागतात. खर्चाचा आकडा मी देणार नाही, काच आणि पोलाद कुठून येतं यावर तो फार हलतो. पण आपल्या भागात जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, तो जमिनीचा. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. काचेचे खांब एका पातळीत राहिले नाहीत तर काचांवर ताण येतो आणि टप्पेही बिघडतात. पाया कुणातरी अनुभवी स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्या. आणि २००५, २०१९, २०२१ च्या पुरात त्या प्लॉटवर पाणी किती चढलं होतं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. वाळू भरलेल्या गवतात गाळ शिरला की ते धुऊन पूर्वीसारखं होत नाही.

पुढच्या रविवारचा बेत असा करा. दोन तास मिळणार असतील तर पहिली वीस मिनिटं गुण मोजू नका. एक जण नेटजवळून हातानं चेंडू टाकेल, दुसरा काचेवरून घेऊन परत करेल, वीस-वीस चेंडूंनी बदलायचं. मग अर्धा तास असा खेळ, की सर्व्हिस लाइनच्या मागे पडलेला प्रत्येक चेंडू काचेवर जाऊ द्यायचाच. आधी मारला तर पॉइंट गेला. त्यानंतर मनासारखं खेळा, स्मॅशसुद्धा मारा. आणि पहिल्या वीसांपैकी किती चेंडू परत गेले ते वहीत लिहून ठेवा. चार रविवारांनंतर ते आकडे मला इथे कळवा, त्यावरून पुढचं सांगते.